गाडीला थंडी बाधू नये म्हणून

एका जंगलात, मुलांनो, एक लाल गाडी राहत होती. तिच्याबरोबर एक अस्वलही राहायचं.

अस्वलाचं नाव केशवराव झिपरे. बायकोचं नाव मथुराबाई. आता अस्वलाकडे गाडी कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतल्या सिंहाला दरबार असतो, तो कुठून आला असं तुम्ही कधी विचारलंत का? मग गप्प बसा आणि ऐका.

त्या जंगलात रस्ता एकच होता. गुहेपासून ओढ्यापर्यंत. केशवराव रोज गाडी ओढ्यावर न्यायचे, धुवायचे आणि परत आणायचे. परत येताना तिच्यावर धूळ बसायची. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचे.

वाटेत हरणं विचारायची, "काय केशवराव, किती देते?"

"ओढ्यापर्यंत आरामात देते," केशवराव सांगायचे. हरणं माना डोलवायची.

सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी अजून काढलं नव्हतं. मथुराबाई बसल्या की ते करकरायचं. मग केशवराव मागे वळून म्हणायचे, "अगं, हळू." हळूहळू मथुराबाईंनी बसणंच सोडलं.

शेजारी साळिंदर राहायचं. ते आणि केशवराव लहानपणापासूनचे दोस्त. पण अंगावर काटे पडले ना! रंगाला चरे पडतील म्हणून केशवरावांनी त्याला लांबच्या वाटेने जायला सांगितलं होतं. साळिंदर जायचं बिचारं. लांबूनच हाक मारायचं.

मग थंडी आली.

आपल्याकडची अस्वलं थंडीभर झोपत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. लगेच हात वर करू नका. या गोष्टीतली झोपायची. त्या जंगलात बर्फ पडायचं, आणि बर्फ पडायच्या आत अस्वलं पोटभर खाऊन गुहेत शिरायची, ती पळस फुलला की बाहेर यायची.

त्या वर्षी मथुराबाईंना दिवस गेले होते. अस्वलांची पिल्लं ऐन थंडीत होतात. आई अर्धवट झोपेतच असते. ती पिल्लांना कुशीत घेते आणि पुन्हा डोळे मिटते. बापाचं काम एवढंच, की गुहेच्या तोंडाशी आडवं पडायचं आणि वारा अडवायचा. फार अवघड काम नाही. झोपून करता येतं.

मथुराबाईंनी गुहेत वाळक्या पानांची जाड गादी केली होती. एक इवलंसं दुपटंही शिवलं होतं. ते त्या रोज उलगडून बघायच्या आणि पुन्हा घडी घालून ठेवायच्या.

केशवराव मात्र बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आपण झोपल्यावर हिचं कसं होणार?"

शेवटी त्यांनी वानरे मिस्त्रींना बोलावलं. वानरे मिस्त्री म्हणजे जंगलातले गाड्यांचे जाणकार. ते एकदा घाटात ट्रकच्या टपावर बसले होते, आणि उतरवेपर्यंत बसून राहिले होते. एवढा अनुभव जंगलात दुसऱ्या कुणालाच नव्हता.

मिस्त्रींनी गाडीभोवती चक्कर मारली. चाकाला लाथ मारली. जाणकार लोक चाकाला लाथ मारतातच.

"थंडीत गाडी उभी राहणार म्हणजे नीट झोपवावी लागेल," ते म्हणाले. "टाकी पूर्ण भरा, नाहीतर आत पाणी सुटतं. हँडब्रेक ओढू नका, चिकटतो. खाली दगड लावून चाकं उचलून घ्या. एकाच जागी वजन पडलं की टायर बसतात. सायलेन्सरमध्ये बोळा कोंबा, नाहीतर उंदीर शिरतात."

"आणि कुठे ठेवू?"

"हा काय प्रश्न झाला? सगळ्यात उबदार जागा कुठली तुमच्याकडे?"

केशवरावांनी गुहेकडे पाहिलं. मथुराबाईंनी केशवरावांकडे पाहिलं.

गुहा बेताची होती. दोन अस्वलं दाटीवाटीने मावतील किंवा एक गाडी मावेल, एवढीच.

"अहो," मथुराबाई म्हणाल्या, "बाळंतपण कुठे करायचं मग?"

"अगं, एका थंडीचा तर प्रश्न आहे," केशवराव म्हणाले. "आपण काय, केसाळ माणसं. तिच्या अंगावर एक केस तरी आहे का?"

गाडीच्या अंगावर खरोखरच केस नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडी गुहेत गेली. पानांची गादी बाहेर काढावी लागली, पण ती वाया गेली नाही. तिची निम्मी पानं सायलेन्सरमध्ये कोंबली आणि उरलेली कव्हरखाली पसरली. मिस्त्रींनी बॅटरी काढून बाहेर ठेवली आणि म्हणाले, "ही गारठली तर मेलीच समजा. हिला काहीतरी गुंडाळा. मऊसं."

केशवरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दुपटं उचललं. अगदी मापाचं होतं. जणू बॅटरीसाठीच शिवलं होतं.

मला इथे केशवरावांचा राग येतो. तुम्हालाही यायला पाहिजे. मथुराबाईंनी मात्र दुपट्याचं एक टोक सुटलं होतं, ते खोचून दिलं.

त्या रात्री पहिलं बर्फ पडलं. मथुराबाई एका खडकाच्या आडोशाला बसल्या होत्या. त्या कुडकुडायला लागल्या.

"अहो, मी मागच्या सीटवर पडू का? पाय पोटाशी घेईन."

"अगं, गाडी दगडांवर आहे. तिच्यावर वजन चालत नाही. मिस्त्रींना विचार हवं तर."

"माझं एकटीचंच वजन आहे का ते?"

"म्हणून तर म्हणतोय," केशवराव म्हणाले.

सकाळी मथुराबाई उठल्या आणि ओढ्यापलीकडे भावाच्या गुहेत निघाल्या. भावाकडे गाडी नव्हती, त्यामुळे जागा होती. जाताना त्या म्हणाल्या, "ऐन थंडीत पिल्लं होतील. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. वारा अडवायला कुणीतरी लागतं."

"येतोच की," केशवराव म्हणाले. "एवढं कव्हर नीट बसलं की आलोच."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच जायचं होतं. पण कव्हर बसलं आणि उंदीर आले.

उंदीर चांगले होते. दंगा करत नव्हते. गुहेसमोर रांगेत बसायचे आणि वाट बघायचे. उंदरांना गाडीच्या वायरी फार आवडतात, असं मिस्त्री सांगून गेले होते. तेव्हा केशवराव गुहेच्या तोंडाशी आडवे पडले, आणि त्यांनी आपल्या अंगाने सगळा वारा अडवला. गाडीला झुळूकसुद्धा लागली नाही.

मधूनच एक उंदीर विचारायचा, "काका, झोपलात का?"

"नाही."

"बरं, असू दे. सावकाश."

सगळं जंगल झोपलं. केशवराव जागे राहिले. झोपायच्या दिवसांत अस्वल जागं राहिलं की त्याला भूक लागते, आणि थंडीत खायला काहीच नसतं. त्यांचं पोट खपाटीला गेलं. अंगावर बर्फ साचलं. ते झटकलं की पुन्हा साचायचं.

ऐन थंडीत एकदा ओढ्यापलीकडून साळिंदर आलं. लांबच थांबून त्याने हाक मारली, "केशव! अरे, दोन पिल्लं झाली! मथुरावहिनी बरी आहे. तुझी वाट बघतेय."

केशवरावांना इतका आनंद झाला, की ते उठून उभेच राहिले. त्यांनी ओढ्याच्या दिशेने चार पावलं टाकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मागे खुडबुड झाली. त्यांनी वळून पाहिलं, तर एक उंदीर कव्हरची नाडी हुंगत होता.

केशवराव परत येऊन आडवे पडले.

"तिला सांग," ते म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे म्हणावं. अजून एक चरासुद्धा पडलेला नाही."

साळिंदर लांबच्या वाटेने निघून गेलं.

यथावकाश पळस फुलला. जंगल जागं झालं. वानरे मिस्त्री आले, त्यांनी सायलेन्सरमधला बोळा काढला, दुपटं सोडून बॅटरी बसवली. गाडी खाली घेतली. केशवरावांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सगळ्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. अशी जपलेली गाडी कुणी पाहिली नव्हती. रंग असा, की त्यात तोंड दिसावं. केशवरावांनी बघितलं, तर त्यात एक हाडकुळं म्हातारं अस्वल दिसलं. ते कुणाचं आहे हे त्यांना आधी कळलंच नाही.

मग ते बायकापोरांना आणायला निघाले. ओढ्याशी रस्ता संपला. त्यांनी हॉर्न वाजवला.

पलीकडच्या झाडीतून मथुराबाई आल्या. मागे दोन पिल्लं. हॉर्नला घाबरून दोघंही आईच्या पायांत शिरली होती. तिघं पाण्यातून अलीकडे आली. पिल्लांचे पाय चिखलाने भरले होते.

केशवरावांनी दार उघडलं. मागची सीट लखलखत होती. पिल्लांनी एकेक पाय वर टाकला.

"थांबा!" केशवराव ओरडले. "मी पोतं आणतो. एवढं पोतं अंथरतो, मग बसा. लगेच आलो."

पिल्लांनी पाय खाली घेतले. मथुराबाई म्हणाल्या, "राहू दे. आम्ही चालत येतो." आणि त्या चालू लागल्या.

केशवरावांनी गाडी वळवली आणि त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये निघाले. त्यांच्या पायांची धूळ उडत होती, म्हणून काच वर घेतली.

थोडं पुढे गेल्यावर धाकटं पिल्लू वळून बघायला लागलं.

"आई, आपल्यामागून कोण येतंय?"

"तुमचे बाबा."

पिल्लाने नीट निरखून पाहिलं.

"कुठले? बाहेरचे लाल, का आतले काळे?"

मथुराबाई थांबल्या. उत्तर अवघड नव्हतं. तरी त्यांना वेळ लागला.

"आतले," त्या म्हणाल्या.

काच बंद होती, त्यामुळे केशवरावांना काही ऐकू आलं नाही. ते हसले आणि त्यांनी हळूच हॉर्न दिला. पिल्लं पुन्हा आईच्या पायांत शिरली.

तात्पर्य: थंडीत गाडी नेहमी गुहेतच ठेवावी. बायकापोरं काय, आपापल्या पायांनी निघून जातात. गाडी मात्र, नीट झाकून ठेवली, तर कुठेही जात नाही.