हात वर

"पप्पा, तुम्ही फक्त टोक धरा. बाकी सगळं माझ्यावर सोडा!" ऑस्टिन म्हणाला, आणि तिथेच घात झाला.

दोन नोव्हेंबर होता. सर्व मृतांच्या दिवशी वसईतली दफनभूमी म्हणजे जत्राच! कुणी कबर घासतंय, कुणी माळा सोडतंय, कुणी शेजारच्या कबरीवर आपल्यापेक्षा जास्त फुलं नाहीत ना, ते तिरक्या डोळ्यांनी बघतंय. पाच वाजता फादर येणार होते. त्याआधी आईच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी बसवायची होती.

आई, एमिली, गेल्या वर्षी स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा ऑस्टिन शेजारी नुसता "आई, आई" करत उभा राहिला होता. ती गोष्ट त्याला झोपू देत नव्हती. म्हणून कामणच्या ज्या गोदामात तो सुपरवायझर होता, तिथे प्रथमोपचाराचा कोर्स आला तेव्हा पहिलं नाव त्याचं! तेव्हापासून प्रमाणपत्राची झेरॉक्स खिशात. घरात कुणी शिंकलं तरी हा नाडी बघायचा.

"मी तीन म्हटलं की सोडायची. एक, दोन, तीन!"

'तीन' पुरतं तोंडातून निघायच्या आतच त्याने सोडली. मार्सेल पप्पा चाळीस वर्षं गणिताचे मास्तर. आकडा पूर्ण ऐकल्याशिवाय हलायचे नाहीत. पाटी त्यांच्या डाव्या अनामिकेवर बसली.

पप्पा ओरडले नाहीत. "येशू," एवढंच म्हणाले, तेही हळू. नख काळं पडलं, खालून रक्त आलं. त्याच बोटात लग्नाची अंगठी होती. शवपेटी बंद करण्याआधी त्यांनी ती अलगद काढून आईच्या बोटांना टेकवली होती आणि पुन्हा घातली होती. त्यानंतर ती कधी उतरली नव्हती.

शेजारच्या कबरीवरून पाचूबंदरची प्रिस्का मावशी धावत आली. "थंड पानी ओत रे! आन् ती आंगठी काढ पयली, सूज चढंल!"

पप्पांनी उजवा हात अंगठीकडे नेला. ऑस्टिनने तो अडवला.

"हलवू नका! मावशी, मी कोर्स केलाय. हात हृदयाच्या वर पाहिजे!"

त्याने रुमाल करकचून बांधला, फाटकावरच्या सरबतवाल्याचा बर्फ लावला आणि पप्पांचा हात आभाळाकडे धरून उभा राहिला. तेवढ्यात फादर आले. फाटकात गर्दी, वाट बंद.

"पप्पा, दवाखान्यात..."

"प्रार्थना होऊ दे. तुझ्या आईची आहे."

प्रार्थना झाली. मग फादर म्हणाले, "आपल्या दफनभूमी समितीचे कार्यवाह थकलेत. झाडलोट, भिंतीचा रंग, नळाची दुरुस्ती... ही सेवा पुढे कोण घेईल? हात वर करा."

जिवंत माणसंही मेलेल्यांइतकीच गप्प झाली. सगळे आपापल्या चपला बघू लागले. वर होता तो एकच हात.

"मार्सेल सर!" फादरांनी हात जोडले. "तेही पत्नीच्या कबरीपाशी उभं राहून!"

टाळ्यांचा कडकडाट! हात खाली घ्यावा तर कोर्स बुडतो, वर ठेवावा तर बाप बुडतो. ऑस्टिनने वर ठेवला. पप्पांच्या डोळ्यांतून कळेने पाणी वाहत होतं. लोकांना त्यात भक्ती दिसली.

दवाखान्यात पोचेपर्यंत बोट वांग्यासारखं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला. "इतका घट्ट? आणि अंगठी का नाही काढली? कुठल्याही कोर्समध्ये हे पहिल्यांदा सांगतात!"

"पहिली वीस मिनिटं," ऑस्टिन जमिनीकडे बघत पुटपुटला, "मी बाहेर समोशाच्या रांगेत होतो."

हाड मोडलं होतं. अंगठी कापली नसती तर बोट गेलं असतं. छोटं चाक किरकिरत फिरलं आणि पस्तीस वर्षांचं सोनं तुटून स्टीलच्या ताटलीत पडलं. ऑस्टिनला रडू आवरेना. आईच्या वेळी काही केलं नाही म्हणून कोर्स केला, आणि करायला गेला तर हे!

"रडतोस काय?" पप्पा म्हणाले. "ती तशीही निघत नव्हती. वीस वर्षं साबण लावून ओढतोय. जाडा झालो ना! लोकांना उगाच वाटायचं, केवढं प्रेम!"

ऑस्टिनने मान हलवली. शवपेटीपाशी ती किती सहज उतरली होती, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मास्तरांनी जन्मात चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. आज पोरासाठी दिलं. पण देताना त्यांना ताटलीकडे बघवत नव्हतं.

डोळे पुसून ऑस्टिन म्हणाला, "फादरना सांगून येतो, की तो हात सेवेसाठी नव्हता."

"कशाला? तिथे तुझी आई आहे. कुणीतरी झाडायलाच हवं."

"पण या हाताने तुम्ही कसं करणार?"

"मी कुठे करणार? हात माझा होता, पण वर कुणी धरला होता?" पप्पांनी तुटकी अंगठी शर्टाच्या खिशात टाकली. "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पहिली बैठक आहे. आणि ऑस्टिन, या वेळी सुरुवातीपासून हजर राहा."