पायगुणाचं तिकीट

यंदा दिवाळी बंपरचं तिकीट नव्या सुनेच्या हातानंच काढायचं, असं गोजरबाईंनी ठरवलं. त्यांनी एकदा ठरवलं की त्यांच्या यजमानांना, सहादेवरावांना, फक्त मान हलवायची मुभा असे. दर दिवाळीला राहुरीच्या स्टँडवरून ते स्वतः तिकीट आणत आणि ते कोरडंच जाई. सुनेचा पायगुण ताजा आहे तोवर वापरून घ्यावा, शिळा झाल्यावर काय उपयोग!

केडगावहून नांदायला आलेल्या स्नेहलनं मनात हिशेब मांडला. बक्षीस लागलं तर नशीब घराण्याचं. नाही लागलं तर पायगुण तिचा. आणि वाईट पायगुणाची सून म्हणून जन्म इथंच काढायचा होता.

"आत्याबाई, मामांनाच काढू द्या की."

"त्यांच्या हाताला बरकत असती, तर तुला कशाला सांगितलं असतं? चल!"

स्नेहलनं देवाचं नाव घेऊन तिकीट काढलं. एवढ्यावर भागलं असतं, पण गोजरबाईंच्या पोटात काही राहत नाही. "आमची सून लई पायगुनाची हाय," हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

सकाळी शेजारचा रंगनाथ दारात. "वहिनी, आमचं पन एक काढा."

त्याच्यामागून भिमाजी थेट टेम्पोच घेऊन आला. निम्मी गल्ली त्यात बसली. लॉटरीवाल्यानं स्नेहलला खुर्ची दिली, चहा पाजला आणि "ताई, रोज येत जा," असा आग्रहही केला. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. स्नेहलनं नाइलाजानं सगळ्यांची तिकिटं काढली.

सोडत झाली. कुणालाच काही लागलं नाही. शेवटचं, चहापाण्यापुरतं बक्षीससुद्धा नाही. गल्ली तशीच उठून सहादेवरावांच्या दारात आली.

"गोजराक्का, तुमी तर म्हनत हुता..." भिमाजीनं तोंड उघडलं.

गोजरबाईंनी क्षणात बाजू बदलली. "मला काय ठावं? पायगुनच असला निघाला, त्याला मी काय करू!"

स्नेहलचे डोळे भरून आले. पण आज गप्प बसलं तर कायमचं गप्प बसावं लागेल, हे तिला पक्कं कळलं. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि ती पुढं झाली.

"मामा, तुम्ही पहिलं तिकीट कधी घेतलं होतं?"

"लग्नाच्या साली," सहादेवराव भाबडेपणानं म्हणाले. "पहिल्या दिवाळीला हिला संगं घिऊन गेल्तो. हिच्याच हातानं काढलं हुतं की. तवापासनं एकदाबी..."

पुढचं त्यांनी गिळलं. गल्ली आता गोजरबाईंकडं बघत होती.

"म्हंजे तवापासनं व्हय?" रंगनाथ हळूच म्हणाला.

"काय व्हय?" गोजरबाई कडाडल्या. "छापील कागदाला कुठला आलाय पायगुन? शिकलेली मानसं तुमी, लाज न्हाई वाटत पोरीला बोल लावायला? निघा! स्नेहल, तू बस बाई, चहा मी टाकते."

गल्ली पांगली. स्नेहल ऐटीत खुर्चीवर बसली. आतून गोजरबाईंचा आवाज आला,

"आन् अवो, वर्षं मोजायची बंद करा! बोटं दिसत्यात मला हितनं."