सात कार्यभार आणि एक रजा

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता दयाराम वानखडे यांनी स्वतःच्याच रजेच्या अर्जावर ‘कर्मचारी अपुरे, रजेची शिफारस नाही’ असा शिक्का मारला. अर्ज प्राचार्यांकडे गेला. आपण हे कोणाचं वाटोळं केलं, ते त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अकरा वाजले होते.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. चिखली रस्त्यावरचं हे तंत्रनिकेतन दोन शाखांवरून सहा शाखांवर गेलं होतं. इमारतीला मजले चढले, विद्यार्थी चौपट झाले. कार्यालयात मात्र दयारामबाबू जेवढे होते तेवढेच राहिले. आस्थापना, भांडार, परीक्षा, शिष्यवृत्ती, ग्रंथालय, वसतिगृह आणि आवक-जावक या सातही विभागांचे ते प्रभारी. भांडाराने परीक्षा विभागाला पत्र लिहायचं असलं, की ते बाबूच लिहीत, तेच जावकला चढवत, तेच आवकला घेत आणि तेच ‘विलंबाबद्दल दिलगीर आहोत’ असं कळवत. रजेचे अर्ज महिन्याला तीस येत, म्हणून तो शिक्काही त्यांनीच करवून घेतला होता.

प्राचार्य शेषराव सरांनी अर्ज पुढे सरकवला.

“बाबू, आस्थापना विभाग नाई म्हणते.”

“सर, आस्थापना मीच आहो ना!”

“म्हणून तं. तुमाले आतली परिस्थिती मालूम. मी काऊन मधात पडू?”

“गुरुवारी पोरीचा साखरपुडा हाय सर, साखरखेर्ड्याले. बापच नाई तं कसं?”

“माह्या मनात लय हाय हो. पण अभिप्राय डावलला अन् उद्या तपासणी आली तं? रीतसर तक्रार निवारण समितीकडं जा.”

समितीचे सचिव दयारामबाबूच होते. बाकी सदस्यांच्या जागा रिक्त होत्या.

घरी पत्नी कलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमाले रजा नाई देली कोनं?”

“म्याच.”

“मंग तुमीच द्या ना!”

“तसं नाई होत. सुनावणी घ्या लागते.”

“अन् व्याह्यानं इचारलं, सारिकाचे बाबा कुठी गेले, तं काय सांगू? आपल्याच सुनावणीले गेले म्हणू?”

मंगळवारी सुनावणी झाली. दयारामबाबू आधी टेबलाच्या अलीकडे बसले आणि गाऱ्हाणं मांडलं. मग पलीकडे जाऊन, पाणी पिऊन, ‘अर्जदाराने ही अडचण वेळीच का कळवली नाही?’ अशी विचारणा केली. अर्जदाराने अलीकडे येऊन माफी मागितली. तासाभराने समिती विरघळली. सर्व कार्यभार दुसऱ्या कायम कर्मचाऱ्याकडे सोपवावा आणि रजा घ्यावी, असं ठरलं.

आता दुसरा कोण? शिकवणारे सगळे तासिकेवर, शिपाई कंत्राटी. कायम माणसं दोनच. एक बाबू, दुसरे प्राचार्य. दयारामबाबूंनी शांतपणे आदेश टाइप केला आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली. जिथे बाबूंची फुली तिथे सरांची सही, ही नऊ वर्षांची वहिवाट. सरांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

गुरुवारी साखरपुडा झकास झाला. पंगतीत दयारामबाबूंचा फोन वाजला.

“बाबू, भांडाराची चाबी कुठी हाय?”

“तुमच्या कपाटात, सर.”

पुन्हा वाजला. “वसतिगृहाचे पोरं दारात बसून राह्यले, बाबू!”

“बसू द्या. दोन वाजता उठतात.”

तिसऱ्यांदा आवाज खोल गेला होता. “बाबू, मले उद्या रजा पाह्यजे. अर्ज कोनाकडं देऊ?”

“आस्थापना विभागाकडं, सर.”

“तिथं कोन हाय?”

“तुमीच.”

सरांनी हळूच विचारलं, “तो विभाग शिफारस करन का?”

दयारामबाबू सोमवारी परतले तेव्हा सरांनी सात नव्या पदांचा प्रस्ताव स्वतः लिहून, स्वतः संस्थेत नेऊन दिला होता. उत्तर आठच दिवसांत आलं. टंचाई गंभीर असल्याचं संस्थेला मान्य होतं. तिचा अभ्यास करण्यासाठी ‘मनुष्यबळ अधिकारी’ असं एक पद मंजूर झालं होतं. ते भरेपर्यंत अतिरिक्त कार्यभार श्री. वानखडे यांच्याकडे.

त्याच संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. लग्नाची तारीख धरायची होती.

“कोनतीही धरा,” दयारामबाबू म्हणाले, “फक्त रविवार पाहा.”

“रविवारच काऊन?”

“त्या दिवशी मले मी अडवत नाई.”