शाईशिवायचा प्रिंटर

यंत्र निवडावं तर मीच! असं मी स्वतःच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणेल याची वाट बघून थकलो. आमची लॉन्ड्री आहे. म्हणजे बायकोची आहे, मी गल्ल्यावर बसतो. कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्या ती हातानं लिहायची. मी ठरवलं, आता प्रिंटर आणायचा.

रुंद कागद बरा की अरुंद, कागद यंत्रानं कापावा की आपण फाडावा, यावर मी जेवताना इतकं बोललो की बायको ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेली. शेवटी थर्मल प्रिंटर पक्का केला. शाई नाही, रिबन नाही, कटकट नाही. दुकानदार म्हणत होता, "लॉन्ड्रीसाठी घेताय तर एक सांगतो, या कागदाला उष्णता..." मी त्याला तिथंच थांबवलं. "उष्णतेवरच छापतो तो. मला नका शिकवू."

नेमकी बायको बहिणीकडे गेली आणि समोरच्या हॉटेलातून गणवेशांची पहिली खेप आली. ही पसंत पडली तर वर्षभराचं काम. त्यासाठी तिनं मॅनेजरकडे किती खेटे घातले होते! जाताना तिनं बजावलं होतं, नवीन काही करू नका. मी फक्त प्रिंटर जोडला.

प्रत्येक गणवेशावर नाव छापलेली चिठ्ठी टाचली. इस्त्रीवाल्या काकांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठीसकट इस्त्री फिरवली आणि गठ्ठा हॉटेलात पोचवला. तासाभरात मॅनेजरचा फोन आला, असाल तसे या.

जाऊन बघतो तर चुली बंद. वेटर पायऱ्यांवर डोकं धरून बसलेले. दरवान आचाऱ्याचा कोट घालून उभा, बाह्या कोपरापर्यंत. काउंटरवरच्या बाई रडत होत्या आणि प्रत्येकाच्या हातात एक काळीकुट्ट चिठ्ठी होती. माझी चिठ्ठी!

माणसं कमी करणार, अशी कुजबुज हॉटेलात आठवडाभर चालली होती. त्यात गणवेशाच्या छातीवर नावाऐवजी काळी चिठ्ठी. सगळे धरून चालले, नोकरी गेली. मी काकांना फोन लावला. इस्त्री लागली की कागद काळा पडतो, हे त्यांनी पहिल्याच सदऱ्याला पाहिलं होतं. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, नव्या मशीनची फॅशनच तशी असेल."

मी हात जोडून सगळ्यांना खरं सांगितलं. सगळे हसायला लागले, फक्त आचारी मटकन खाली बसला. "नोकरी गेली नाही? अहो, मी साहेबांना आत्ताच पोटातलं सगळं ऐकवून आलो!"

"मीही," काउंटरवरच्या बाई पुटपुटल्या.

मॅनेजर मागेच उभे होते. चेहरा लालबुंद. "हा प्रिंटर निवडला कोणी?"

इतक्या झटपट मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. "बायकोनं."

"उद्या त्यांना पाठवा."

रात्री बायको बहिणीकडून परतल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सकाळी ती हॉटेलात गेली, मी कपड्यांच्या ढिगाआड उभा राहिलो. परत आली ती हसत. वर्षभराचं काम मिळालं होतं.

"मॅनेजर उठून उभे राहिले हो. म्हणाले, रश्शात मीठ जास्त असतं, पगार उशिरा होतो, माझ्याच नातेवाइकांना सुट्ट्या मिळतात, हे इतक्या वर्षांत कोणी तोंडावर बोललं नव्हतं. तुमच्या प्रिंटरमुळे एका तासात कळलं. असं यंत्र निवडायला डोकं लागतं, म्हणाले."

"अगं, पण तो प्रिंटर मी..."

"काय?" तिनं विचारलं. "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना, मी निवडला म्हणून?"

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. मी म्हटलं, "हो. तूच निवडलास."