बेचाळीस पायऱ्या आणि गर्द हिरवं घर

करामू रोडवर सतरा घरं आहेत, आणि त्या सतरा घरांत कायदा अख्खा वाचलेला माणूस एकच. मी, डेस हॅरॉप! वेलिंग्टनच्या पार्लमेंटने आमचे डोंगर, झाडी आणि खालचा किनारा मिळून संरक्षित वारसाक्षेत्र ठरवलं, तेव्हा बाकीचे सभेत जाऊन ओरडून आले आणि घरी येऊन झोपले. मी पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत सगळं वाचून काढलं. दोनदा! माझं म्हणणं साधं होतं. कायद्याशी भांडायचं नाही. तो मागेल त्याच्या दुप्पट द्यायचं, मग तो आपलं ऐकतो. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय, की आता नुसतं आठवलं तरी दमायला होतं.

आम्हाला कायद्याकडून हवा होता एक संडास.

आहे तो संडास खाली उतारावर, घरापासून बेचाळीस पायऱ्या. माझ्या आजोबांनी बांधला, आणि आजोबांचे गुडघे उत्तम होते. माझ्या बायकोचे, नोलीनचे, नाहीत. तिचा उजवा गुडघा पायरी दिसली की आधीच कुरकुरायला लागतो. पावसात त्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत होतात, आणि आमच्याकडे पाऊस कधी नसतो ते सांगा! मागच्या हिवाळ्यात ती घसरली आणि अर्धा तास तिथेच बसून मला हाका मारत होती. मला ऐकू आलं नाही. मी कायदा वाचत होतो.

म्हणून घराला लागून, आतून दार असलेला संडास बांधायची परवानगी मागितली. कौन्सिलच्या लडलोबाई जागा पाहायला आल्या. तरुण, हसतमुख, हातात वही.

"मिस्टर हॅरॉप, अडचण संडासाची नाहीच," त्या म्हणाल्या. "अडचण घराची आहे. केवढं पांढरं! किनाऱ्यावरून वर पाहिलं की डोंगराआधी तुमचं घर दिसतं. ते जरा झाडीत मिसळलं, तर समितीपुढे बोलायला मला तोंड राहील."

"जरा कशाला?" मी म्हणालो. "पूर्ण मिसळतो!"

मंजूर रंगांच्या यादीतला सगळ्यात गर्द हिरवा मी निवडला. भिंती रंगवल्या, छप्पर रंगवलं, खिडक्या, पाण्याची टाकी, फाटक, पत्रपेटी, सगळं रंगवलं! रस्त्याच्या कडेने माणसाहून उंच वाढणारे नेचे लावले. पंचवीस!

"दार तरी तांबडं ठेव," नोलीन म्हणाली. "माणसाला आत कुठून शिरायचं ते कळायला नको?"

"तांबडा यादीत नाही!"

"मीसुद्धा यादीत नाही. मलाही रंगवतोस का?"

शेजारचा स्टीपे लिंबांची बाग सोडून फाटकाशी आला.

"अरे डेस, घर रंगवलंस की पुरलंस?"

मी लक्ष दिलं नाही. वसंत आला, नेचे तरारले, आणि पोस्टमनने आमचं घर शोधणं सोडून दिलं. पत्रं स्टीपेकडे यायला लागली. नोलीनची बहीण ग्लेनिस दोन तास गाडी चालवत आली, शेजारच्या सीटवर पाव्हलोवा केक ठेवून. रस्त्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि केकसकट परत गेली! नोलीन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बहिणीमुळे एक दिवस, केकमुळे एक. एक भलंमोठं रानकबुतर स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटलं आणि गवतात बसून माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी त्याचं घोडं मारलंय. आणि एकदा तर मीच स्टीपेकडून लिंबं घेऊन येताना पाण्याच्या टाकीला घर समजून दार चाचपत बसलो. हे मी नोलीनला सांगितलं नाही. पण त्यानंतर तिचा तांबडा रेनकोट दाराशेजारच्या खिळ्यावर दिसायला लागला, म्हणजे तिला कळलं असावं.

लडलोबाईंची दुसरी भेट ठरली. मी नोलीनने विणलेलं हिरवं स्वेटर घालून ऐटीत व्हरांड्यात बसलो. गाडी वर गेली. गाडी खाली आली. गाडी पुन्हा वर गेली. शेवटी मी हात हलवत पळालो. बाईंनी करकचून ब्रेक मारला आणि खाली उतरल्या.

"कोण आहे तिकडे?"

"मी! हॅरॉप!"

"तुम्ही दिसत नाही हो! घर कुठे आहे?"

"तुमच्या समोरच!"

त्यांनी विश्वासाने पाऊल पुढे टाकलं, आणि नेच्यांतून थेट चरात! घोटा मुरगळला. मी काठावरून धीर देत होतो, पण धीर कुठून येतोय ते त्यांना कळेना. अखेर नोलीन तांबडा रेनकोट घालून लंगडत आली. "इकडे बघ पोरी, माझ्याकडे," म्हणाली आणि हात दिला. दोघी एकमेकींना धरून लंगडत घरी आल्या.

चहा झाला, आल्याची बिस्किटं झाली. मग लडलोबाई हळूच म्हणाल्या, "तुमचा संडास...?"

नोलीनने खाली बोट दाखवलं.

बाई वर आल्या त्या पंचवीस मिनिटांनी. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. "मिसेस हॅरॉप," त्या म्हणाल्या, "हा संडास झालाच पाहिजे!" आणि समितीसाठी भराभर फोटो काढून गेल्या.

समितीचं पत्र स्टीपेकडे आलं. "फोटो बारकाईने तपासले. जागेवर घर आढळत नाही. अस्पर्शित झाडीत सुटा संडास बांधण्यास कायद्यानुसार परवानगी देता येत नाही."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मला वाटलं, नोलीन हसेल किंवा ओरडेल तरी. ती खुर्चीत बसून गुडघा चोळत राहिली.

"मी दमलेय रे, डेस," ती म्हणाली. "तुझ्या कायद्याने दमले."

मला माझीच लाज वाटली. मी कॅमेरा काढला, तिला रेनकोट घालून, डोक्यावर टोपी ओढून दाराच्या डाव्या बाजूला उभं केलं आणि फोटो समितीला पाठवला. खाली लिहिलं, "हे घर."

सहा आठवड्यांनी स्टीपे हातात पाकीट घेऊन आला. त्याने ते फोडून वाचलं होतंच, कारण हसून हसून त्याला उभं राहवत नव्हतं. मी वाचलं.

"घर आढळले. संडासास मंजुरी देण्यात येत आहे. अट एकच: दाराच्या डावीकडील तांबडी वस्तू मंजूर रंगांत बसत नाही. काम सुरू होण्यापूर्वी ती जागेवरून कायमची हलवावी."

तेवढ्यात खालून, तिसाव्या पायरीवरून नोलीनचा धापा टाकणारा आवाज आला. "काय आलंय रे?"

"परवानगी!" मी ओरडलो.

"अट काही?"

स्टीपेने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"काही नाही!"

कायद्याचं प्रत्येक कलम पाळणाऱ्या डेस हॅरॉपने आयुष्यात पहिल्यांदा एक अट गिळली. कौन्सिलला कळवू नका, मला कायद्याचा आदर आजही आहे. पण ती वस्तू हलवली, तर मला दार कसं सापडायचं?