पुरेसा अनुभव

माणसाने आजारी केव्हा पडावं हे निसर्ग ठरवतो. त्याला बरं करणाऱ्याने तयार केव्हा व्हावं हे प्रवेश देणारी समिती ठरवते. निसर्गाला घाई असते, समितीला नसते. अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण या भक्कम पायावर उभं आहे, आणि डुलुथ गावच्या केल्सी ओस्टबीला त्याबद्दल तक्रार करायचं खरं तर काही कारण नव्हतं.

केल्सी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती. गुण उत्तम, प्रवेशपरीक्षा उत्तम, प्रकृती उत्तम. तिची आई रोंडा शाळेची बस चालवायची. केल्सी आठ वर्षांची असताना त्या बसमध्ये एका मुलाला फिट आली. बाकीची पोरं किंचाळत होती. हिने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर सारलं आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत बसली. तेव्हापासून तिला डॉक्टर व्हायचं होतं. सामान्य माणसाला एवढं कारण पुरतं. (समितीला ते बाळबोध वाटू शकतं, असं तिला यथावकाश कळवण्यात आलं.)

तिथे डॉक्टरकी कॉलेज संपल्यावर शिकायची असते, आणि वैद्यकीय शाळांचे अर्ज आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुटतात. मे महिन्यात केल्सी कॉलेजच्या सल्लागारांकडे गेली. डॉ. लायल फेनस्टर हे त्यांचं नाव. ते डॉक्टर होते ते गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे. पण कोणी वैद्यकीय शाळेत केव्हा जावं, हा त्यांचा खास अभ्यासाचा विषय होता. स्वतः कधीही अर्ज न केल्यामुळे त्यांचं मत पूर्णपणे निःपक्षपाती असे.

त्यांनी केल्सीचे कागद चाळले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू तयार आहेस," ते म्हणाले.

केल्सीचा चेहरा खुलला.

"पण पिकलेली नाहीस. अनुभव कुठाय? एक वर्ष थांब."

"सर, मी एकवीस वर्षांची आहे. अनुभव येणार कुठून?"

"तेच तर मी म्हणतोय," फेनस्टर प्रेमाने म्हणाले.

फेनस्टर यांच्या सल्ल्याचा निकाल शंभर टक्के लागतो, अशी कॉलेजात ख्याती होती. ती खरीही होती. त्यांनी ज्यांना 'आता कर अर्ज' असं सांगितलं, ते सगळेच्या सगळे प्रवेश मिळवून गेले. असे विद्यार्थी तीन होते. बाकीचे अजून पिकत होते, आणि पिकत असलेल्याला कोणी नापास म्हणत नाही.

केल्सी अनुभवाच्या मागे लागली. पहिला मान रुग्णसेवेचा. गावातल्या इस्पितळात स्वयंसेवकांनी रोग्यांना गरम पांघरुणं नेऊन द्यायची, अशी व्यवस्था होती. अडचण एवढीच, की गावात डॉक्टर होऊ पाहणारी मुलं भरपूर आणि थंडी वाजणारे रोगी मोजके. हिल्मा राउटिओ नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीबाई गुडघा दुखावला म्हणून दाखल झाल्या होत्या. केल्सी पांघरूण घेऊन खोलीत शिरली तेव्हा पलंगावर एक ढीग होता आणि ढिगाच्या वरच्या टोकाला आजीबाईंचं नाक.

"आणखी एक?" नाक म्हणालं. "अगं बाई, काल नर्सला वाटलं मला ताप आलाय. ताप नाही, मला पांघरुणं झालीयेत!"

केल्सीने एकेक करून सहा पांघरुणं काढली, घड्या घातल्या आणि आजींना पाणी पाजलं. (रोग्याला खऱ्या अर्थाने बरं वाटल्याची ती पहिलीच नोंद, परंतु पांघरूण काढण्याला सेवेत धरत नाहीत.) आजी खूश झाल्या.

"डॉक्टर होणार ना तू? मग लवकर हो. हा गुडघा मी तुझ्यासाठी राखून ठेवते."

दुसरा अनुभव सावलीचा. म्हणजे खऱ्या डॉक्टरच्या मागे दिवसभर गुपचूप उभं राहायचं. केल्सीला एक त्वचारोगतज्ज्ञ मिळाले, पण त्यांना आधीच तीन सावल्या होत्या. पाठीवरचा तीळ दाखवायला आलेला माणूस शर्ट काढून वळला, की समोर पाच जण गंभीर चेहऱ्याने बघत असत. एकाने तर तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "अगं, पाच डॉक्टर जमलेत. मुलांना बोलावून घे."

तिसरा अनुभव गोरगरिबांच्या सेवेचा. त्यासाठी गोरगरीब लागतात. चर्चच्या तळघरातल्या अन्नछत्रात दर शनिवारी वाढायला दहा-बारा विद्यार्थी आणि जेवायला ड्वेन नावाचा एक निवृत्त खलाशी, अशी परिस्थिती होती. ड्वेन भला माणूस. मुलांचं भवितव्य आपल्या पोटावर अवलंबून आहे, हे त्याने ओळखलं होतं. हॉटडिश नावाच्या बटाटा-खिम्याच्या पदार्थाची तीन वाढपं तो हसत संपवी, चौथ्याला पट्टा सैल करी.

"घाल, पोरी," तो केल्सीला म्हणे. "तू एकटीच राहिलीस ना? पण पुढच्या वेळी आधी ये. कोशिंबीर वाढणाऱ्यांच्या आधी."

वर्ष संपलं. केल्सी पुन्हा फेनस्टरांपुढे बसली.

"छान. आता अर्जातल्या 'डॉक्टर का व्हायचंय?' या निबंधाचं बघू," ते म्हणाले. "आयुष्यात काही दुःख?"

"म्हणजे?"

"संकट. आघात. आईवडील...?" त्यांनी आशेने मान तिरकी केली.

"दोघंही बरी आहेत, सर."

"असं असं," फेनस्टर धीर देत म्हणाले. "एक वर्ष थांब. काही ना काही होईल."

हे ऐकून रोंडाने हातातली उलथणी आपटली. "काही ना काही म्हणजे काय? मी मरू का? माझी सुट्टी पण शिल्लक नाही!" मग जरा वेळाने, मऊ आवाजात, "बर्फातून बस चालवते मी वीस वर्षं. ते चालेल का गं दुःख म्हणून?"

"आई, तुला आवडतं ते."

"हो, पण त्यांना काय माहीत?"

त्या वर्षी केल्सीने वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी धरली. तिथे सावली नव्हती. अंगावर काम होतं. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, कुशीवर वळवायचं, घाण काढायची, आणि तेच ते गाऱ्हाणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचं. थोड्याच दिवसांत हिल्मा राउटिओ तिथे राहायला आल्या. केल्सीला बघून त्यांनी काठी उगारली.

"अजून झाली नाहीस? काय करत होतीस इतके दिवस?"

"अनुभव घेत होते, आजी."

"अगं, अनुभव मी घेतलाय पंच्याऐंशी वर्षं. मला कोणी डॉक्टर केलं नाही."

दर वर्षी मे महिना यायचा, केल्सी फेनस्टरांकडे जायची आणि परत यायची. एकदा अनुभव खूप आहे, पण विखुरलेला आहे, असं निघालं. पुढच्या वेळी तो एकाच जागचा आहे, असं निघालं. ती परत आली, की आजी तिच्या चेहऱ्याकडे बघून गुडघ्यावर हात फिरवत म्हणायच्या, "बरं. थांबतो आम्ही दोघं."

चौथ्या वर्षी मार्च महिन्यात, गावालगतच्या तलावावरचं बर्फ तडकू लागलं तेव्हा, आजी गेल्या. गुडघ्याने नाही, फुप्फुसांनी. शेवटची दुपार केल्सी त्यांच्याजवळ होती. तिने ओठ ओले केले, उशी सरळ केली, हात धरला. आजींनी तिला आपल्या आईच्या भाषेत काहीतरी सांगितलं. केल्सीला ते कळलं नाही. तिने मान हलवून 'हो' म्हटलं. मग गाडीत बसून ती बराच वेळ रडली.

पुढच्या भेटीत तिने फेनस्टरांना हे सांगितलं. सांगायचं नव्हतं, त्यांनी 'कशी आहेस' असं विचारलं, आणि निघून गेलं तोंडातून. फेनस्टरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. मग हळूच पेन उचललं.

"केल्सी," ते म्हणाले, "निबंधाची सुरुवात इथून करायची. शेवटचे शब्द काय होते म्हणालीस?"

केल्सीने टिश्यूचा डबा त्यांच्याकडे परत सरकवला.

"ते माझ्यासाठी होते, सर. आणि मी या वर्षी अर्ज करतेय."

"एक वर्ष जर तू..."

"आजी थांबली होती की. बघितलं ना काय झालं?"

त्या आठवड्यात तिने निबंध लिहिला. त्यात बस होती, फिट आलेला मुलगा होता आणि डोक्याखाली सारलेलं दप्तर होतं. राउटिओ आजींबद्दल एक अक्षर नव्हतं.

मुलाखतीला बोलावणं आलं. समोर दोन वयस्क प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी, कारण मुलाखत घ्यायला विद्यार्थीही बसवतात. त्याला बघून केल्सी दचकली. ट्रेंट वुकेलिच! कॉलेजात प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर असायचा आणि तिच्या वहीत बघून आकृत्या काढायचा.

"तू?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू एव्हाना शस्त्रक्रिया करत असशील! इतका उशीर कसा?"

"फेनस्टर सर थांब म्हणाले. तुला नाही म्हणाले?"

ट्रेंट ओशाळला. "त्यांनी वेळ दिली होती गं सकाळची. मी झोपून राहिलो. मग म्हटलं, आता काय विचारायचं, भरून टाकू अर्ज."

प्राध्यापकांपैकी एकाने खोकून कामकाज पुढे नेलं. "मिस ओस्टबी, मरणाऱ्या माणसाजवळ बसल्या आहात कधी?"

"हो."

"काय शिकलात?"

"बसायला," केल्सी म्हणाली.

तिला प्रवेश मिळाला. रोंडाने हॉर्न वाजवत बस गल्लीतून फिरवली. (सुदैवाने मुलं उतरलेली होती.) फेनस्टरांनी केल्सीचा फोटो चौकटीत घालून कचेरीत लावला. खाली ओळ आहे: 'योग्य वेळी केलेला अर्ज'. यशस्वी विद्यार्थ्यांची संख्या चारवर गेली असून निकाल शंभर टक्क्यांवर स्थिर आहे.

हे वाचून आपण हसणार. हसावंच, कारण आपल्याकडे असला घोळ नाही. आपल्याकडे डॉक्टर कधी व्हायचं हे मूल पाळण्यात असतानाच ठरतं, आणि 'तुला का व्हायचंय?' असा आगाऊ प्रश्न विचारून कोणी त्याचा अभ्यास मोडत नाही. त्याला रक्त पाहून भोवळ येते, ही किरकोळ बाब पेढे वाटून झाल्यावर उघडकीस येते. तोवर दवाखान्याचा गाळा बघून ठेवलेला असतो. केल्सीला तो प्रश्न चार वर्षं, सतरा जणांनी विचारला. आपण किती वेळा विचारला, हे आठवत नसेल तर आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेल्या चिरंजीवांना विचारून या. फक्त दार आधी वाजवा, आणि त्यांनी तोंड उघडलंच, तर उत्तर आपण देऊ नका.