पैलवानाची अळी

तेल तापलं होतं, मोहरी तडतडत होती, कढीपत्त्याची डहाळी माझ्या हातात होती आणि शेजारचा पैलवान "वैनी, थांबा!" म्हणून बोंबलत चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात घुसला. डहाळी हिसकावून त्यानं उलटी केली. पानाखाली हिरवीगार अळी.

"हीच राहिलीया. बाकीच्या बुलबुलानं खाल्ल्या."

"माझी फोडणी जळली."

"जळू दे की!"

अळी त्यानं नेऊन कढीपत्त्याच्या झाडावर सोडली.

कुस्त्या खेळून कानांची भजी झालेला, दारातून आडवा होऊन आत येणारा हा माणूस अळ्या राखतो. झाड त्याच्या बायकोनं, शेवंतानं, आमच्या मधल्या भिंतीला लावलेलं. भिंतीवरून आलेल्या फांद्या माझ्या, हेही तिनंच ठरवलेलं. ती गेल्या वर्षी वारली.

अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मी झटकायला गेले की हा ओरडणार, "खुराक चालू हाय, नजर लावू नका!" मोठी झाली की हळूच बोट लावून दाखवणार. ती डोक्यातून शिंगं काढते, घाण वास सोडते.

"पवित्रा बघा! शिंग लालभडक, म्हंजे काळं फुलपाखरू. लिंबाळी फुलपाखराच्या अळीचं एवढं लाल नसतंय."

हे सगळं जेवताना शेवंताकडून ऐकलेलं. तालमीतल्या पोरांची नावं विसरतो, हे विसरत नाही.

मग अळीनं कमरेला धागा बांधून कोष केला. "लंगोट कसला बघा पठ्ठीनं!" म्हणाला आणि सकाळची तालीम सोडून झाडापुढं खुर्ची टाकून बसला. पोरं बोलवायला आली, हाकलून दिली.

"येड लागलंय काय?" मी विचारलं.

"दर साली हाक मारायची ती. 'अहो या, निघतंय, माझ्या चंद्रकळेगत दिसतंय.' मी म्हणायचो, किड्यात काय बघायचं? आन् जायचो तालमीला." खुर्ची करकरली. "एकदा बी बघितलं न्हाय, वैनी."

परवा सकाळी मी भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून आखाड्यात मारावी तशी हाक आली, "अगं ए, ये लवकर! निघतंय!"

मग एकदम गप्प.

मला तो 'अगं ए' म्हणत नाही. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी तशीच गेले.

काळे ओले पंख, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. बराच वेळ वाळवत बसलं. मग उडालं.

बघायला पैलवान होता आणि मी होते.